टोचल्याचा दाखला

धाकू काकणकाराला खाजणातल्या चिखलातून ओढून बाहेर काढला, तेव्हा काकणांची पेटी त्याच्या कमरेलाच बांधलेली होती. पेटीतलं एकही काकण फुटलं नव्हतं. गळा मात्र या कानापासून त्या कानापर्यंत उघडा पडला होता, आणि डाव्या दंडावरची तळहाताएवढी जागा सोललेली होती. हवालदार म्हणाला, कुर्ल्यांनी खाल्लं असेल. मी म्हटलं, असेल. मला त्या क्षणी एवढंच सुचलं, की धाकूचा फॉर्म परवाच मुंबईला गेलाय आणि आता तो परत मागवावा लागणार.

माणूस मेला आणि मला फॉर्म आठवला. सव्विसाव्या वर्षी मी असा होतो. लाज वाटते सांगायला, पण आता सांगायलाच बसलोय तर निवडून निवडून काय सांगायचं?

धाकू आमचा माणूस होता, हे त्या गर्दीत दोघांनाच माहीत होतं, मला आणि जगदाळे साहेबांना. साल सेहेचाळीस, डिसेंबर महिना. गाव सातेरीबंदर. अलीकडे इंग्रजाचं राज्य, मध्ये खाडी, पलीकडे पोर्तुगीज हद्द. लढाईच्या काळात पलीकडे शत्रूची माणसं येऊन बसत आणि आपल्या बाजूचं पेट्रोल चोरून त्यांना पोचवलं जाई, म्हणून बेचाळीस साली सरकारनं बंदरावर एक गुप्त कचेरी उघडली. बाहेर पाटी लावली, ‘सरकारी काथ्या खरेदी कचेरी’. मागे काथ्याचं एक गोदामही भरून ठेवलं. चार वर्षांत आम्ही त्यापुढे एक जुडी काथ्या खरेदी केला नाही. गावातले लोक विचारत, काय नाबरानू, काथ्याचो भाव काय? मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, मुंबईहून कळवतील.

मी तिथला कारकून, मोरेश्वर नाबर. इन्स्पेक्टर जगदाळे हे साताऱ्याकडचे, अंगानं उभे-आडवे, आवाज असा की खाडीपलीकडे जावा. खबरा आणणारी आमची माणसं सहा. त्यांना माशांची नावं दिलेली: बांगडा, तारली, कर्ली, मुडदुशी, अशी. त्या सहांतलं कुणीही दुसऱ्या पाचांना ओळखत नव्हतं. मलाही खरी नावं माहीत नव्हती, मी आपला ‘बांगडा सांगतो की’ एवढंच लिहायचो. सगळी नावं जगदाळे साहेबांच्या डोक्यात. ते म्हणायचे, लोखंडी कपाट फोडता येतं नाबर, माझं डोकं फोडलं तर नावं सांडत नाहीत.

या सहांच्या खबरांवर त्रेचाळीस साली बाबल तांडेल पकडला गेला. पेट्रोलचे डबे पलीकडे नेणारा तोच. त्याचा पाठलाग झाला त्यात त्याचा धाकटा भाऊ होडीखाली सापडून बुडाला. बाबलवर खटला कसला, लढाईचा कायदा होता, तीन वर्षं नुसता आत ठेवला. लढाई संपली, कायदा संपला, दिवाळीच्या सुमाराला बाबल सुटून घरी आला. भर बाजारात उभा राहून त्यानं सांगितलं, की माझ्या भावाला विकणारे कोण ते मी शोधून काढीन, आणि घाई मला मुळीच नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी आम्हांला कायम व्हायचं होतं.

झालं होतं असं, की लढाईसाठी उघडलेल्या कचेऱ्या भराभर बंद होत होत्या. रेशनवाले राहिले, बाकी सगळे घरी. मुंबईच्या साहेबांना मात्र वाटलं, लढाईत लावलेले कान शांततेत कापून कशाला टाकायचे? राज्य कुणाचंही येवो, कान लागणारच. म्हणून हुकूम आला, की ही खबर-शाखा सरकारचं कायमचं खातं व्हावी, मात्र एकतीस डिसेंबरच्या आत सगळ्या माणसांचे कागद पुरे झाले पाहिजेत. नाही झाले तर कचेरीला कुलूप.

कागद म्हणजे साधे नव्हेत. कायम नोकराला जे जे लागतं ते सगळं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, वय, उंची, छाती, वर्तणुकीचा दाखला, आंगठा. आणि देवी टोचून घेतल्याचा दाखला.

जगदाळे साहेबांनी तो हुकूम वाचला आणि टेबलावर फेकला. म्हणाले, या माणसांची किंमतच ती कुणी नाहीत यात आहे, आणि हे त्यांची छाती मोजायला निघालेत. चार दिवस ते कागदाला शिवले नाहीत. मागे लागलो तो मी. माझं लग्न ठरलं होतं, शिरोड्याच्या एका मास्तरांच्या मुलीशी, आणि मास्तरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की कायम झालात की तारीख काढू. लढाईच्या नोकरीवर मुलगी द्यायला त्यांची तयारी नव्हती. मी साहेबांना गळ घातली. म्हटलं, साहेब, ही माणसं किती वर्षं माशांच्या नावावर राबणार? उद्या मेली तर बायकापोरांना काय? हे बोलणं खरंही होतं, आणि त्याच्याआड माझं लग्नही होतं. शेवटी साहेबांनी एकेक नाव सांगितलं आणि मी ते झकास अक्षरात उतरवून काढलं.

टोचण्याचं काम मी फार अक्कल लढवून केलं. देवी टोचणारा शिरसाट, त्याला सगळे देवीडॉक्टर म्हणत, तो दर मंगळवारी बंदरावरच्या दवाखान्यात यायचा. सहाही जणांना एका रांगेत उभं केलं तर लोक बघणार, एवढं कळण्याइतका मी शहाणा होतो. मी एकेकाला तासातासाच्या अंतरानं मागच्या दारानं बोलावलं. कुणी कुणाला पाहिलं नाही. शिरसाटाला नावंसुद्धा सांगितली नाहीत, दाखल्यावर नावाची जागा मोकळी ठेवून नुसत्या सह्या घेतल्या. मासळीवाली शेवंता, म्हणजे आमची मुडदुशी, टोचून झाल्यावर पदर सावरत हसली आणि म्हणाली, “इला, सरकारचो छाप बसलो माझ्यार.” मी पण हसलो.

पाच जण आले. सहावा गुणाजी तारी काही आला नाही.

गुणाजी म्हणजे कर्ली. खाडीवर त्याची होडी, अलीकडची माणसं पलीकडे आणि पलीकडची अलीकडे. चाळिशीचा, काळाभोर, थोडं बोलणारा. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. होडीच्या धक्क्यालाच लागून त्याचं खोपट होतं. बायको मंजुळा जाळं शिवत दारात बसली होती. गुणाजीनं मला शहाळं दिलं आणि सरळ सांगितलं, “नाबरानू, माका टोचूक नको. हात सुजलो तर आठ दीस होडी कोण वल्हयतलो?”

मी म्हटलं, दाखला नाही तर नोकरी नाही. त्यानं मान हलवली. नाय तर नाय म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलं नाही, वाटलं ते मला. सहांतला एक कमी म्हणजे यादी अपुरी, यादी अपुरी म्हणजे कचेरी बंद, आणि मास्तरांची मुलगी गेली दुसरीकडे. मी तिथंच ठरवून टाकलं. म्हटलं, बरं, तू टोचू नकोस, कागदावर मी टोचून टाकतो. मंजुळा जाळ्यावरून मान वर करून हसली. कागदार टोचलां तर दुखत नाय मा, असं काहीतरी म्हणाली. शिरसाटाला मी पलीकडच्या काजूच्या दारूची एक बाटली नेऊन दिली आणि सहावी सही घेतली. यादी पुरी झाली. मी ती मुंबईला रवाना केली त्या दिवशी देवळात नारळ फोडला.

त्यानंतर दोनच दिवसांनी धाकू खाजणात मिळाला. म्हणजे टोचून दहा दिवस झाले होते.

दुसरा गेला दाजी गाडीवान. त्याचे बैल सवयीनं आपले आपण घरी आले, गाडीत दाजी उताणा. डोक्यात कोयता बसून कवटी दुभंगली होती आणि डावा हात खांद्यापाशी लोंबत होता. दंडावरचं मांस निघून आलं होतं. घाव चुकून हातावर बसला असेल असं सगळे म्हणाले. दाजीची म्हातारी आई बैलांच्या गळ्यात पडून रडत होती, कारण दाजीच्या गळ्यात पडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी साहेबांनी उरलेल्या चौघांना निरोप धाडले, की बोटीत बसा आणि मुंबई गाठा. दोघे गेले. शेवंता उद्या जाते म्हणाली, तिची सुकी मासळी वाळत पडली होती. आणि गुणाजीला मी बोलवायला गेलो तेव्हा तो हातातला वल्ह्याचा दांडा तासतच राहिला. “माका कोण मारतलो?” म्हणाला. “आनी मी गेलंय तर लोकां पलीकडे जातली कशी?”

सकाळी शेवंता वाळवणात मिळाली. तिच्या तोंडात मीठ कोंबलेलं होतं, इतकं की गाल फुगले होते. पोटात तीन वार. तिच्या डाव्या दंडावरची चोळीची बाही फाडलेली होती आणि तिथलं कातडं सुरीनं चौकोनी कापून नेलं होतं. तिथं कुर्ल्या नव्हत्या आणि घाव चुकलेलाही नव्हता. जगदाळे साहेब तिच्याशेजारी वाळूत मटकन बसले. लढाईत तिला शोधून आणणारे तेच. एवढा मोठा माणूस, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि कितीतरी वेळ तिच्या तोंडातलं मीठ बोटानं काढत राहिले. मला त्यांची फार दया आली त्या वेळी. पुढे जे झालं ते सांगताना हेही सांगायला हवं, म्हणून सांगतो.

उठले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. कचेरीत येऊन ते मला म्हणाले, की नावं दोनच ठिकाणी आहेत. माझ्या डोक्यात, तुझ्या कागदात, आणि कागद मोहोरबंद होऊन मुंबईला गेलेत. मग बाबलला कळलं कसं? या सहांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. पण एक माणूस असा आहे की ज्याच्या होडीत उरलेले पाचही रोज बसतात, कोण कधी येतो, कुठून येतो, हे तो बघतो. त्याला अंदाज बांधायला कितीसा वेळ? आणि गावात राहिलेल्यांत तोच तेवढा जिवंत आहे, भर उन्हात होडी हाकतोय, पळून जा म्हटलं तर जात नाही.

हवालदारानं त्यात भर घातली. त्यानं काल स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. बाबलचा एक माणूस गुणाजीच्या होडीत बसला, गुणाजीचा हात धरला, हसला, पाठीवर थाप मारली आणि उतरून गेला.

झालं. साहेबांनी पट्टा बांधला.

गुणाजीला धक्क्यावरून आणला तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. होडीत बसलेली माणसं तशीच बसून राहिली. त्याला मागच्या गोदामात नेलं. चार वर्षं पडून असलेल्या काथ्याचा तिथं कुबट वास यायचा. दोन्ही मनगटं बांधून त्याला वाशाला टांगला, पायाची बोटं जेमतेम जमिनीला लागतील असा. साहेबांनी काथ्याचा एक जाड दोर बादलीत भिजवायला सांगितला. मी मधल्या भिंतीच्या अलीकडे माझ्या टेबलाशी बसलो. पहिल्या दहा-बारा फटक्यांना गुणाजीचा आवाज आला नाही. मग यायला लागला.

प्रश्न एकच होता. तुला का सोडलं? उत्तरही एकच होतं, माका म्हायत नाय साहेबानू. हे खरंच होतं, त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, अकरा वाजेपर्यंत.

अकराला दोन गोष्टी आल्या. टपालातून मुंबईचं पाकीट आलं. खातं कायम झालं होतं. पहिल्या पानावर साहेबांचं नाव, दुसऱ्यावर माझं, मुख्य कारकून, कायम. आणि मागच्या दारानं देवीडॉक्टर शिरसाट आला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता आणि दोन पुढचे दात नव्हते. त्यानं आत येऊन दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या बोलायला लागला.

बाटली मी त्याला दिली होती ना, ती त्यानं नेमकी बाबलच्या मेव्हण्याच्या पडवीत बसून प्यायली. पितापिता गंमत म्हणून सांगितलं, की काथ्या कचेरीचे लोक वेडे आहेत, थोराड बाप्यांना नि बायकांना लपवून छपवून मागच्या दारानं आणून देवी टोचतात, सह्या घेतात सहा आणि टोचायला लावतात पाच. लोकांनी विचारलं, कुणाला? त्याला नावं कुठं माहीत होती? मग बाबलनं त्याला दोन ठोसे लगावून एवढंच विचारून घेतलं, की टोचल्याची खूण कुठं असते आणि किती दिवस राहते. “डावा दंड म्हणून सांगितलं हो मी,” शिरसाट रडायला लागला. “खपली तीन आठवडे राहते म्हणून सांगितलं. तेव्हापासून ते वाटेवर, बाजारात, होडीत, सगळ्यांचे दंड बघत फिरतायत. कातडं नेऊन बाबलला दाखवतात.”

तो गेला. मी बसून राहिलो.

म्हणजे बाबलला कुणी काही विकलं नव्हतं. आम्हीच त्या पाचांच्या दंडावर खूण करून त्यांना बाजारात सोडलं होतं. आणि होडीत बसलेल्या त्या माणसानं गुणाजीचा हात धरला तो दोस्तीनं नव्हे. त्यानं दंड बघितला, दंड कोरा होता, म्हणून तो हसला आणि उतरून गेला. गुणाजी जिवंत होता याचं कारण एकच, त्याला मी कागदावर टोचला होता.

भिंतीपलीकडे दोराचा आवाज चालूच होता.

एवढंच जाऊन सांगायचं होतं. साहेब, त्याचा दंड बघा. चार शब्द. साहेबांनी लगेच विचारलं असतं, मग याचा दाखला कसा गेला? आणि मी दिलेली बाटली, खोटी सही, सगळं बाहेर आलं असतं. खोट्या दाखल्यावर मुंबईला यादी पाठवणं म्हणजे नोकरी तर गेलीच, वर दोन वर्षं तुरुंग. पाकीट माझ्यासमोर टेबलावर होतं. त्याच्यावर माझं नाव टाइप केलेलं होतं, आणि ‘कायम’ हा शब्द.

मी उठलो. गोदामाचं दार उघडून आत गेलो. खरंच सांगतो, सांगायचं म्हणूनच गेलो होतो.

गुणाजीचा उजवा डोळा उरला नव्हता, तिथं नुसता लाल खड्डा होता. छातीवरची कातडी लोंबत होती, पायाखालच्या धुळीत रक्ताचा चिखल झाला होता. दोन्ही हात वर बांधलेले, त्यामुळे डावा दंड दिव्यासारखा समोर. काळा, गुळगुळीत, कोरा. साहेब त्याच्याकडे बघत होते आणि त्यांना तो दिसत नव्हता, कारण काय बघायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

गुणाजीनं उरलेल्या डोळ्यानं मला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा आली, ती मला अजून दिसते. “साहेबानू,” तो म्हणाला, “नाबरानूंका इचारा. तेंका सगळां म्हायत आसा.”

साहेब वळले. घामानं निथळत होते. म्हणाले, “काय रे नाबर? काय माहीत आहे तुला?”

मी म्हटलं, “मला काय माहीत साहेब. मी आपले कागद बघतो.”

आणि बाहेर आलो. दार मीच लावलं.

डबा उघडला. भात, सोलाची कढी आणि भाजलेला बांगडा होता. दोन घास खाल्ले. मनाला सांगत होतो, साहेब दमलेत, आता थांबतील, जेवायला उठतील, मग शांतपणे बोलू, बाटलीचं टाळून काहीतरी बोलता येईल. काय टाळता येईल याचा मी विचार करत होतो आणि तिकडे दोराचा आवाज थांबला. मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं की थांबले एकदाचे.

आत गेलो तर साहेब काथ्याच्या गठ्ठ्यावर बसले होते आणि हवालदार गुणाजीच्या नाकाशी हात धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. बरगडी मोडून आत घुसली असावी, तोंडातून फेसाळ रक्त आलं होतं ते हनुवटीवरून अजून गळत होतं.

तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाटलीसकट. माणूस मेल्यावर माझी जीभ सुटली.

साहेबांनी ऐकून घेतलं. उठले, गुणाजीच्या दंडावरून अंगठा फिरवला, जसं कापड बघतात तसं. मग माझ्या तोंडात अशी ठेवून दिली की मी भिंतीवर जाऊन आदळलो आणि कान आजतागायत नीट ऐकत नाही. मला वाटलं मलाही मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणणं आता सोपं आहे. तेव्हा मी हात जोडले.

पुष्कळ वेळ ते येरझाऱ्या घालत राहिले. मग थांबून त्यांनी विचारलं, “मुंबईच्या यादीत याला टोचल्याचं आहे?”

“आहे.”

“दाखला जोडलाय?”

“जोडलाय साहेब.”

“मग यालाही बाबलनंच मारलाय,” साहेब म्हणाले. आवाज अगदी कामाचा. त्यांनी माझ्या टेबलावरचा, पेन्सिल तासायचा चाकू मागवला आणि माझ्या हातात दिला. “तू कर. कागदावर तूच टोचलास ना त्याला? चौकोनी काप.”

हवालदारानं दंड घट्ट धरला. अजून ऊब होती त्याला. चाकू कागद कापायचा, कातडं लवकर तुटेना, मला ते करवतीसारखं कापावं लागलं. पहिल्या कोपऱ्याशी थांबून मी ओकलो, तोंड पुसून पुन्हा कापलं. काढलेला तुकडा साहेबांनी कागदात गुंडाळला आणि चुलीत घातला.

दुपार टळल्यावर गुणाजीला त्याच्याच होडीत ठेवून धक्क्यापासून थोडं लांब, खारफुटीत अडकवून दिला. दिवस मावळायच्या आत मिळाला. गावानं बघितलं, फुटलेला डोळा, मोडलेल्या बरगड्या, डाव्या दंडावरचा चौकोन. सगळं गाव म्हणालं, बाबल. त्याला सकाळी आमच्या कचेरीत नेताना ज्यांनी पाहिलं होतं त्यांना हवालदारानं सांगितलं, चौकशी करून तासाभरात सोडला होता, वाटेत गाठला बिचाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेबांनी बाबलच्या घराला वेढा घातला. बाबल हात वर करून अंगणात आला होता. साहेबांनी त्याला दोन पावलांवरून तीन गोळ्या घातल्या, तिसरी तोंडात. त्याच्या दोन माणसांना पुढे फाशी झाली, चार खुनांसाठी. तीन त्यांचे होते. अहवाल मी लिहिला. नव्या खात्याचा तो पहिला अहवाल, मुंबईनं त्यावर शाबासकी लिहून पाठवली. एकतीस डिसेंबरला कचेरीला कुलूप लागलं नाही. पुढे इंग्रज गेले, पलीकडचे पोर्तुगीज गेले, खातं राहिलं. कागदाशिवाय तिथं कधी काही झालं नाही आणि कागद नेहमी बरोबर असत. माझं लग्न झालं. मी पूर्ण नोकरी करून इज्जतीत निवृत्त झालो. जगदाळे साहेबांना नंतर वरची जागा मिळाली. ते पुन्हा माझ्याशी कामापलीकडे एक अक्षर बोलले नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्याच पहाटेचं. बाबलला मारून आम्ही परत येत होतो. साहेबांनी मला गुणाजीच्या घरी पाठवलं, त्याच्या बायकोचा आंगठा घ्यायला. कामावर मेलेल्या कायम नोकराच्या बायकोला सरकार महिन्याला काही देणार होतं, आणि खात्यातला असा पहिला मृत्यू गुणाजीचा धरला होता. धाकू, दाजी, शेवंता हुकूम पोचायच्या आधी मेले, म्हणून ते बसत नव्हते.

मंजुळा त्याला न्हाऊ घालत होती. दोन बायका तांब्यानं पाणी घालत होत्या आणि ती हातानं चोळत होती, हळूहळू, जिवंत माणसाला चोळावं तसं. मी दारात उभा राहिलो. म्हणालो, बाबलला मारलाय, वयनी. त्यानंच हे केलं. टोचल्याची खूण बघून तो आमची माणसं ओळखत होता आणि ती खूण कापून नेत होता.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दंडावरचा तो चौकोन तिनं ओल्या बोटांनी पुसला, चारी बाजूंनी. मग म्हणाली, “तेंच्या दंडार होतां काय, नाबरानू, कापून नेवक?”

बायका पाणी घालायच्या थांबल्या. तिनं हात लुगड्याला पुसला, आणि आंगठा माझ्यापुढे धरला.